बाळाच्या हातातला पक्षी: जुनं इटालियन मॅडोना-चित्र कुणाचं, हे कसं ठरवायचं

तुमचा प्रश्न आधी चार ओळींत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या कोल्हापूरच्या, नोकरीनिमित्त इटलीत प्रातोला राहता. तुमच्या वृद्ध घरमालकीणबाईंनी मृत्युपत्रात तुमच्या नावे एक चित्र ठेवलं. लाकडी फळीवर रंगवलेली मॅडोना, म्हणजे येशूची आई मरिया, मांडीवर बाळ येशू, बाळाच्या मुठीत पक्षी. डावीकडे लहानगा योहान बाप्तिस्ता, उजवीकडे चक्र घेतलेली संत कॅथरिन, मागे गुलाबाची झुडपं. माप ५७.५ बाय ३८ सेंटीमीटर. पाठीमागे कागदी चिठ्ठी, तिच्यावर तपकिरी शाईत ‘स्कुओला दि बोत्तिचेल्ली’, म्हणजे बोत्तिचेल्ली या फ्लॉरेन्सच्या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराच्या परंपरेतलं. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: चित्र कुणाचं, खरं की खोटं, आणि कोल्हापूरला नेता येईल का.

मी चित्रसंवर्धनाचं काम गेली बावीस वर्षं करते, त्यातली सहा इटलीत गेली. तुमचे अकरा फोटो मोठे करून दोन संध्याकाळी पाहिले. फोटोवरून शेवटचा शब्द कुणी देऊ नये, मीही देणार नाही. पण बरंच काही दिसतं.

सुरुवात पाठीपासून करू. चिठ्ठीपासून नव्हे, लाकडापासून. पंधराव्या शतकातली इटालियन चित्रं बहुतेक पॉप्लरच्या फळीवर आहेत, उत्तरेकडे नेदरलँड्समध्ये ओक. पॉप्लर हलकं, स्वस्त आणि किड्याला फार आवडणारं लाकूड. तुमची फळी पॉप्लरसारखी दिसते, धागा उभा आहे आणि फळी किंचित बाकदार झाली आहे. जुनी इटालियन फळी पाठीमागून मोकळी सुकते, पुढून रंगाने बंद असते, म्हणून ती रंगाच्या बाजूने पोट काढते. तुमच्या फळीचा बाक त्याच दिशेला आहे. चांगलं लक्षण.

आता किड्याची भोकं. तुम्ही लिहिलंत, ‘भोकं आहेत म्हणजे जुनंच असणार ना?’ नाही हो. इथे माझी स्वतःची एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने माझ्याकडे छोटी सिएनीज मॅडोना आणली. सोनेरी पार्श्वभूमी, चेहऱ्याच्या सावल्यांतून डोकावणारा हिरव्या मातीचा खालचा रंग, किड्याने चाळणी केलेली पाठ. मी चहा संपायच्या आत ‘पंधरावं शतक’ म्हणून मोकळी झाले. मग एक्स-रे काढला. किड्याचे बोगदे एक्स-रेत काळे, पोकळ दिसायला हवेत, कारण किडा नंतर येतो. इथे ते पांढरे होते. बोगद्यांत जेसो, म्हणजे रंगाखाली द्यायचा पांढरा लेप, उतरलेला होता, म्हणजे फळी आधी किडली आणि त्यानंतर तिच्यावर जेसोचा लेप बसला. जुनी, किडकी फळी घेऊन कुणीतरी विसाव्या शतकात सुबकपणे ‘पंधरावं शतक’ रंगवलं होतं. सिएनात असे कसबी लोक होऊन गेले. इचिलिओ जोनी नावाच्या पठ्ठ्याने तर १९३२ साली आत्मचरित्रच छापलं आणि आपण जुनी चित्रं कशी ‘बनवायचो’ ते मजेत सांगितलं. तेव्हापासून एक्स-रे बघितल्याशिवाय मी शतक उच्चारत नाही.

तुमच्या फळीच्या पाठीवर भोकं गोल आहेत, बोगदे उघडे पडलेले नाहीत. म्हणजे फळी नंतर कुणी रंधून पातळ केलेली दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात बाक सरळ करण्यासाठी फळ्या रंधून मागे जाळीदार लाकडी चौकट ठोकायची फॅशन होती, त्यात किती फळ्या फाटल्या याची गणती नाही. तुमची वाचली.

पुढची बाजू. फोटो क्रमांक सात, खालचा डावा कोपरा, तुम्ही चौकट जरा सरकवून काढलाय. तिथे रंग संपतो त्या कडेला जेसोचा बारीक ओठ उभा राहिलेला दिसतो. हा ओठ फार मोलाचा. त्या काळी चौकट आधी फळीला जोडायचे, मग चौकटीसकट जेसोचे थर द्यायचे: आधी जाडाभरडा, मग बारीक, जनावराच्या सरसात कालवलेला. पुढे चौकट काढली की जेसोची कड तशीच उभी राहते. चारही बाजूंना ओठ मिळाला तर चित्र कापलेलं नाही, मूळ मापातच आहे. आणि माप बघा: फ्लॉरेन्सचा ‘ब्राच्चो’ म्हणजे आपल्या जुन्या ‘हाता’सारखंच माप, साधारण ५८.४ सेंटीमीटर. तुमची फळी जवळजवळ एक हात उंच आहे. सुतार असंच माप घेणार. हा पुरावा नव्हे, पण वाचून मला बरं वाटलं.

कापाकापी किती होते हे सांगायला एकच उदाहरण पुरेल. पेसेल्लिनो नावाच्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराला १४५५ साली पिस्तोइयाच्या एका धर्मबंधुमंडळाने मोठं वेदीचित्र सांगितलं. १४५७ मध्ये तो गेला, चित्र अर्धवट राहिलं, ते फिलिप्पो लिप्पी या चित्रकाराच्या कारखान्याने पुरं केलं. अठराव्या शतकात त्याचे तुकडे करून विकले गेले. लंडनच्या नॅशनल गॅलरीने एकेक करून ते जमवले आणि पुन्हा जुळवले. पेसेल्लिनोचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

संत कोण आहेत यावरून गाव आणि काळ दोन्ही उमगू शकतात. झेनोबियस दिसला की फ्लॉरेन्स, अन्सानस दिसला की सिएना, पेत्रोनियस हातात गाव घेऊन उभा असला की बोलोन्या, एमिदियस असला की आस्कोली. संतपद कधी मिळालं तेही कामाला येतं: सिएनाच्या बेर्नार्दिनोला १४५० मध्ये मिळालं, सिएनाच्या कॅथरिनला १४६१ मध्ये. फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे, त्याला १६२२ मध्ये मिळालं. त्याच्या थडग्याखालचा संगमरवरी चौथरासुद्धा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला आणि मेदिची या तिथल्या राजघराण्याच्या कोझिमो तिसऱ्याने गोव्याला धाडला. तेव्हा एखाद्या मॅडोनाशेजारी झेवियर प्रभावळीसह उभा असेल आणि विकणारा ‘रेनेसाँ’ म्हणत असेल, तर नमस्कार करून निघून यावं.

तुमच्या चित्रातला लहानगा योहान फ्लॉरेन्सकडे बोट दाखवतो. तो त्या शहराचा राखणदार संत, आणि घरच्या पूजेच्या चित्रात बाळ येशूबरोबर बाळ योहान घालायची हौस तिथलीच. चक्रवाली कॅथरिन, म्हणजे सिएनाची नव्हे, अलेक्झांड्रियाची, मात्र कुठेही सापडते. गोव्याचं से कॅथेड्रलही तिचंच. आणि तुमच्या चित्रातली कॅथरिन मुळात कॅथरिनच होती का, याचीच मला शंका आहे.

फोटो क्रमांक नऊ मोठा करून बघा. चक्राच्या आऱ्यांवरचं सोनं बारीक तड्यांच्या वरून गेलं आहे. दोन ठिकाणी तर ते तड्यात ओघळून बसलंय. मरियेच्या बुरख्याच्या काठावरचं सोनं तसं नाही, ते तड्याबरोबर तुटलं आहे, दोन्ही बाजूंना थबकलं आहे. म्हणजे बुरखा आधी, तडे नंतर, चक्र त्याहून नंतर. चक्र झाकलं तर उरते हातात ताडपत्राची फांदी घेतलेली एक तरुणी, नाव नसलेली हुतात्मा. पुढे कधीतरी चित्र ज्या घरात गेलं, त्या घरातल्या बाईचं नाव कातेरिना असावं किंवा मुलीचं असावं, आणि कुणा रंगाऱ्याने चक्र देऊन संतीण ‘घरची’ करून टाकली असावी. हा माझा तर्क. पण तड्यांवरचं सोनं हा तर्क नाही.

आता पक्षी. तुम्ही त्याला गोल्डफिंच म्हटलंत आणि ते साहजिक आहे. काट्यांत राहणारा तो पक्षी येशूच्या काटेरी मुकुटाची आठवण म्हणून शेकडो मॅडोनाचित्रांत आहे. पण गोल्डफिंचच्या चेहऱ्यावर लाल असतं आणि पंखावर पिवळा पट्टा. तुमच्या बाळाच्या मुठीतल्या पक्ष्याची पाठ काळी-निळी, पोट पांढरं, आणि शेपूट दुभंगलेली आहे. ही पाकोळी (स्वॅलो) आहे. पाकोळी कमी वेळा दिसते, आणि म्हणूनच ती जास्त बोलते.

बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात पेसेल्लिनोचं एक मॅडोनाचित्र आहे, १४५० च्या दशकातलं. त्यात बाळाच्या हातात पाकोळी आहे. ही रचना फ्लॉरेन्समध्ये इतकी खपली की तिच्या नकलांवर नकला निघाल्या. तुमच्या चित्रातली मरियेची मान, बाळाचा पुढे आलेला डावा पाय आणि पक्ष्यावर वळलेली बोटं मी त्या चित्राच्या फोटोशेजारी ठेवून पाहिली. मिळतात. योहान मात्र त्या चित्रातला नाही, तो लिप्पीच्या दुसऱ्याच एका रचनेतून उचलल्यासारखा दिसतो. आणि गुलाबाची झुडपं मागे उभी केली आहेत.

ही खिचडी ओळखीची आहे. लिप्पीचं एक, पेसेल्लिनोचं एक, मागे गुलाबाची कुंपणं, भरपूर सोनं आणि जरा कडक बाह्यरेषा असलेल्या चित्रांचा एक मोठा गठ्ठाच जगभर विखुरलेला आहे. आधी ही चित्रं पिएर फ्रान्चेस्को फिओरेन्तिनो या सान जिमिन्यानो परिसरातल्या धर्मगुरू-चित्रकाराच्या नावावर होती. मग फ्रेडरिक मेसन पर्किन्स या अभ्यासकाने दाखवलं की ती त्याची नाहीत, आणि चित्रकाराचं नाव पडलं ‘प्सूडो पिएर फ्रान्चेस्को फिओरेन्तिनो’, म्हणजे तोतया पिएर फ्रान्चेस्को! बिचाऱ्याने कधीच कुणाचं सोंग घेतलं नव्हतं, नाव आपण दिलं. पुढे फेदेरिको झेरी यांनी तर हा एक माणूस नसून ‘लिप्पी-पेसेल्लिनोचे अनुकरणकार’ आहेत, असं म्हटलं. मेदिचींच्या राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये आज वेदीवर दिसणारं चित्र याच हातचं, लिप्पीच्या मूळ चित्राची नक्कल. मूळ बर्लिनला आहे.

कारखाना म्हणजे काय ते कोल्हापूरकराला समजवायला नको. गणपतीच्या कारखान्यात साचा एकच असतो, रंग देणारी पोरं चार, आणि डोळ्यांची आखणी ज्याची त्याने करायची. फ्लॉरेन्सच्या बोत्तेगातही तसंच. आकृतीचा कागदी आराखडा तयार असे. त्याच्या रेषांवर भोकं पाडून कोळशाची पुरचुंडी आपटली की फळीवर ठिपके उठत. त्यामुळे एकाच मापाची मरिया चित्राचित्रांतून फिरताना दिसते, कधी संत बदलतो, कधी मागचं झुडूप. नेरी दि बिच्ची या चित्रकाराने १४५३ ते १४७५ ची आपली कामाची वही ठेवली आहे. त्यात मोठ्या वेदीचित्रांबरोबर घरगुती मॅडोनांचे सौदे आणि साच्यातून काढलेल्या उठावचित्रांना रंग देण्याची कामंही टिपलेली आहेत. घरोघरी मॅडोना हवी असायची. तुमचं चित्र त्या मागणीतलं.

म्हणून माझं आजचं मत: फ्लॉरेन्स, साधारण १४६० ते १४८०, लिप्पी-पेसेल्लिनो अनुकरणकारांच्या गटातलं, चक्र आणि मरियेच्या निळ्या अंगरख्याचा बराच भाग नंतरचा. याच्यापुढे नाव हवं असेल तर मिळणार नाही, कारण त्या कारखान्यात कोण बसायचं ते कागदावर उरलेलं नाही.

‘मग बोत्तिचेल्ली?’ तुमची चिठ्ठी अगदीच वेडी नाही. बोत्तिचेल्ली लिप्पीकडेच शिकला, त्यामुळे त्या चेहऱ्यांचं गोत्र एक. पण एकोणिसाव्या शतकात युरोपला बोत्तिचेल्लीचं वेड लागलं आणि फ्लॉरेन्सच्या प्रत्येक उदास मरियेवर त्याचं नाव चिकटू लागलं. जाणकारही यातून सुटले नाहीत. बर्नार्ड बेरेन्सन यांनी १८९९ मध्ये बोत्तिचेल्ली आणि फिलिप्पो लिप्पीचा मुलगा फिलिप्पिनो यांच्या मधे बसणारा ‘आमिको दि सांद्रो’, म्हणजे सांद्रोचा (बोत्तिचेल्लीचा) मित्र, नावाचा एक चित्रकारच कल्पनेने उभा केला. नंतर त्यांनीच तो मोडीत काढला आणि चित्रं परत वाटून टाकली. मला हे वाचून त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. आपण उभा केलेला माणूस आपणच पाडायला धैर्य लागतं.

हात कसा ओळखतात, असंही तुम्ही विचारलंय. ही पद्धत जोव्हान्नी मोरेल्ली या वैद्यक शिकलेल्या गृहस्थाने रूढ केली. त्यांचं म्हणणं, चेहरा बघू नका, तो सगळे जपून काढतात. कान बघा, नखं बघा, जिथे चित्रकाराचं लक्ष नसतं तिथे हात आपोआप चालतो. ड्रेस्डेनला जे चित्र ‘सास्सोफेर्रातोने तित्सियानोवरून काढलेली नक्कल’ म्हणून नोंदलेलं होतं, ती झोपलेली व्हीनस जॉर्जोनेची आहे हे त्यांनीच ओळखलं. तुमच्या चित्रात मरियेच्या डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला जरा जास्तच वाकली आहे आणि बाळाच्या कानाची पाळी सरळ गालात मिसळते. या दोन खुणा त्या गटातल्या इतर चित्रांत शोधायला हव्यात. बोलोन्यात झेरी यांच्या फोटोसंग्रहात असल्या चित्रांचे ढिगाने फोटो आहेत, ते संगणकावर मोफत पाहता येतात. दोन रविवार घालवा, मजा येईल.

प्रभावळीवरचे ठसे मी मुद्दाम लांबवत नाही. चौदाव्या शतकातल्या चित्रांत सोन्यावर मारलेले ठसे बोटांच्या ठशांसारखे कामी येतात. नॉर्वेच्या एर्लिंग स्काउग यांनी तर कुठला ठसा कुठल्या कारखान्यातून कुठे गेला याची वंशावळच मांडली. तुमच्या चित्रात नुसते साधे ठिपके आहेत. त्यांनी काही निभत नाही.

तपासण्या कुठल्या कराव्यात? आधी अल्ट्राव्हायोलेट दिवा: जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरचे हात त्यावर काळे डाग होऊन दिसतात. मरियेच्या अंगरख्याचं काय ते पाच मिनिटांत स्पष्ट होईल. मग इन्फ्रारेड: त्यात जर ठिपक्याठिपक्यांची रेषा दिसली तर आराखड्याची गोष्ट पक्की. मग रंगाचा नमुना न काढता होणारी एक्स-रे फ्लोरेसन्स तपासणी. अंगरख्यात तांबं मिळालं तर अझुराइट हा तांब्याचा निळा खनिज रंग, म्हणजे मूळ रंगाची आशा. निळ्यात प्रशियन ब्लू असेल तर तो हात १७०४ च्या नंतरचा, कारण त्याआधी तो रंगच नव्हता. पांढऱ्यात टायटॅनियम असेल तर विसावं शतक. पिवळ्यात शिसं आणि कथील एकत्र मिळालं तर मी खूश होईन: हा पिवळा १७५० च्या सुमारास विस्मरणात गेला आणि १९४१ मध्ये पुन्हा ओळखला गेला, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या नकली चित्रकाराला तो ठाऊक नसायचा.

रंगाने पोल कशी उघडते याचं नामी उदाहरण लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. संग्राहक लॉर्ड ली यांनी १९३० मध्ये बोत्तिचेल्ली म्हणून एक मॅडोना घेतली. सगळे भारावले. तरुण कलाअभ्यासक केनेथ क्लार्कना मात्र तिचा चेहरा मूकपटातल्या नटीसारखा वाटला. पुढे निळ्यात प्रशियन ब्लू निघाला, आणि चित्र सिएनाच्या उंबेर्तो जुंतीचं ठरलं. क्लार्कनी तपासणीआधी जे पाहिलं ते म्हणजे १९२० च्या दशकातलं सौंदर्य. नकलाकार जुनं लाकूड मिळवू शकतो, पण स्वतःच्या काळातली आवड लपवू शकत नाही. तुमची मरिया मला तशी कुठल्याच काळातली नटी वाटत नाही. ती जरा ठोकळेबाज आहे, आणि ते तिच्या बाजूने बोलतं.

लिलावाच्या याद्यांतली भाषा समजून घ्या, कारण लाखांचा फरक एका शब्दात असतो. नुसतं नाव म्हणजे त्याच्या हातचं. ‘वर्कशॉप’ म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, त्याच्या देखरेखीखालचं. ‘सर्कल’ म्हणजे आसपासच्या कुणाचं, त्याच काळातलं. ‘फॉलोअर’ म्हणजे त्याच्या वळणाचं, पण शिष्य असेलच असं नाही. ‘मॅनर’ म्हणजे त्याच्या थाटात, काळ कुठलाही. ‘आफ्टर’ म्हणजे सरळ नक्कल. तुमच्या चिठ्ठीतलं ‘स्कुओला’ यात कुठेही बसतं, म्हणून विकणाऱ्यांना ते आवडतं.

आता कोल्हापूर. इटलीत २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेखाली, चित्रकार हयात नसेल आणि काम सत्तर वर्षांहून जुनं असेल, तर देशाबाहेर नेताना ते सरकारी कार्यालयापुढे मांडावं लागतं. तेरा हजार पाचशे युरोंच्या आतल्या कामांसाठी २०१७ पासून स्वयंघोषणेची सोय आहे, पण तुमचं चित्र त्या रकमेच्या वर जाईल असं धरून चाला. फ्लॉरेन्सच्या एक्स्पोर्ट ऑफिसात प्रत्यक्ष चित्र दाखवून मुक्त वाहतुकीचा दाखला मागायचा, युरोपीय संघाबाहेर जायचं म्हणून निर्यात परवानाही लागू शकतो. ते नाही म्हणू शकतात, आणि महत्त्वाचं ठरवलं तर चित्र इटलीतच राहील, तुमच्याच मालकीचं. त्याआधी काराबिनिएरी या इटालियन पोलिसांच्या चोरीस गेलेल्या कलाकृतींच्या संग्रहात ते नाही ना, हे बघून घ्या. घरमालकीणबाईंना ते कुठून मिळालं याची एखादी पावती, जुना दिवाणखान्यातला फोटो, मृत्युपत्राची नोटरीची प्रत, सगळं एका पाकिटात ठेवा.

तोवर चित्र फायरप्लेसवरून उतरवा, हीटरपासून लांब, आतल्या भिंतीवर टांगा. बटाट्याने, पावाने किंवा लिंबाने पुसू नका, कुणी कितीही सांगो. मागची चिठ्ठी काढू नका, चूक असली तरी ती चित्राच्या प्रवासाचा कागद आहे. आणि चौकट पूर्ण काढून चारही कडांचे फोटो, एका बाजूने टॉर्चचा आडवा प्रकाश टाकून, मला पाठवा. जमलं तर या रविवारी प्रातोच्याच पलात्सो प्रेतोरिओ संग्रहालयात जाऊन लिप्पीची ‘मादोन्ना देल चेप्पो’ बघून या, तुमच्या घरापासून ती चालत अंतरावर असेल. तिच्यातल्या योहानापाशी पाच मिनिटं थांबा, मग घरी येऊन तुमचा योहान बघा, आणि काय दिसलं ते लिहा.